नागपूरचा झिरो माईल : दगड, स्मारक आणि बाग

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, विधानभवनाच्या आग्नेयेला, वालुकाश्माचा एक खांब, चार घोड्यांच्या मूर्ती आणि एक षटकोनी दगड आहे. नागपूरकर या साऱ्या परिसरालाच झिरो माईल म्हणतात. जवळच गोवारी शहीद स्मारक आहे, तर मेट्रो स्थानकाला लागून फ्रीडम पार्क ही छोटी बाग आहे. नागपूर रेल्वे स्थानकावरूनही ही जागा जवळ पडते.

भारताचा मध्यबिंदू म्हणून हा दगड प्रसिद्ध आहे. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मात्र मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात, करौंदी येथे मानला जातो. दगडावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, शिवनी ७९ मैल अशी अंतरे कोरलेली आहेत, त्यामुळे हा अंतरे मोजण्याचा दगड असावा असे वाटते. प्रत्यक्षात ही भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ सालची उंचीची खूण आहे. तिच्यावरचा सर्वांत मोलाचा आकडा आहे १०२०.१७१ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ३११ मीटर. फुटाचा हजारावा भाग जेमतेम ०.३ मिलिमीटर भरतो. समुद्रापासून शेकडो मैल आत, टप्प्याटप्प्याने उंची मोजत येऊन आकडा इतक्या बारकाईने नोंदवणाऱ्यांची चिकाटी थक्क करणारी आहे. रस्ता, कालवा किंवा लोहमार्ग आखताना उंची अशाच पक्क्या खुणेपासून धरावी लागते. या सर्वेक्षणाची सुरुवात विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासला केली. १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला आणि तेथेच त्यांचे दफन झाले.

गोवारी शहीद स्मारकाचा इतिहास अलीकडचा आणि वेदनादायक आहे. गोवारी हा विदर्भातला परंपरेने गुरे राखणारा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती आपलीच असून तिच्या सवलती आपल्याला मिळाव्यात, ही या समाजाची मागणी होती. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशन चालू असताना, गावोगावचे हजारो गोवारी मोर्चाने विधानभवनाकडे निघाले. मोर्चा अडवला गेला, पोलिसांनी लाठीमार केला आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ जण मरण पावले. त्यांत स्त्रिया आणि मुलांची संख्या मोठी होती. निवेदन घेऊन आलेल्या माणसांचा विधिमंडळाच्या इतक्या जवळ असा अंत व्हावा, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली अत्यंत लाजिरवाणी घटना आहे.

तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. १९९५ मध्ये गोवारींचा समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला, पण मूळ प्रश्न कायम राहिला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि गोवारी व गोंड गोवारी हे वेगळे असल्याचे म्हटले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला समाजबांधव श्रद्धांजली वाहण्यासाठी स्मारकावर जमतात. झिरो माईल पाहायला येणारे बहुतेक जण खांबाजवळ छायाचित्र काढून परततात. त्यांनी थोडा वेळ या स्मारकासाठीही राखून ठेवायला हवा.

तिसरी जागा सर्वांत नवी. सीताबर्डी ते कस्तुरचंद पार्क हा १.६ किलोमीटरचा मेट्रोमार्ग २० ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाला. त्यावरच्या मधल्या स्थानकाचे नाव झिरो माईल फ्रीडम पार्क. बागेत स्वातंत्र्यलढ्यावरची शिल्पचित्रे आहेत आणि मुलांना सर्वाधिक आवडणारा टी-५५ रणगाडा. सोव्हिएत बनावटीचे हे रणगाडे भारतीय सैन्याने १९७१ च्या युद्धात वापरले होते. रेल्वेने आलेल्यांनी नागपूर रेल्वे स्थानकावर मेट्रो पकडून सीताबर्डीला मार्गिका बदलावी. तेथून झिरो माईल हे पुढचेच स्थानक आहे.