वेल्यो टॉर्मिस: लोकगीताच्या स्वाधीन

लोकसंगीताचा वापर मी करत नाही, तेच माझा वापर करून घेतं, असं एस्टोनियाचे संगीतकार वेल्यो टॉर्मिस म्हणत. यात विनयाचा भाग असेलही; पण पाचशेच्या वर समूहगीतं रचताना त्यांनी हीच शिस्त पाळली, आणि मला त्यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

जन्म १९३० चा, कूसालू परिसरातला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि गायकवृंदाला शिकवत. टॉर्मिस स्वतः टालिनमध्ये ऑर्गन शिकले, पुढे मॉस्कोला विस्सारिओन शेबालिन यांच्याकडे रचना शिकले. एवढं रीतसर शिक्षण घेतलेला हा माणूस किहनू बेटावरच्या लग्नात गेला आणि तिथल्या बायकांची गाणी ऐकून हलला. १९५९ च्या ‘किहनूची लग्नगीतं’ या रचनेचा उगम तिथला.

ही गाणी रेगिलाउल परंपरेतली, ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासूनची. ओळ साधारण आठ अक्षरांची, अनुप्रासांनी गच्च. चाल चार-पाच सुरांतच फिरते. एकजण ओळ म्हणते, तिचा शेवट संपायच्या आत बाकीच्या ती उचलतात; आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी उभे असतात, तसंच. अशी चाल युरोपीय पद्धतीच्या हार्मनीत बसवली की ती गोड होते आणि तिचा जीव जातो. टॉर्मिसनी चालीला हात लावला नाही. ती पुन्हा पुन्हा येऊ दिली आणि भोवतीचे आवाज तेवढे बदलले: कधी खाली एकच लांब सूर, कधी थरावर थर. ‘एस्टोनियन पंचांगगीतं’ (१९६६-६७) ऐकताना या पुनरावृत्तीची ताकद अंगावर येते.

१९७२ चं ‘लोखंडाला शाप’ मात्र थरकाप उडवतं. वस्तूचा जन्म कसा झाला हे सांगता आलं की तिच्यावर ताबा मिळतो, या जुन्या समजुतीवर ते उभं आहे. शामानी ढोलाच्या ठोक्यावर गायकवृंद लोखंडाची जन्मकथा मंत्रासारखी म्हणतो, आणि त्या प्राचीन मंत्रात रणगाडे, क्षेपणास्त्रं शिरतात. सोव्हिएत अमलाखालच्या देशात हे लिहिलं गेलं, हे विसरून ते ऐकता येत नाही.

त्यांचं सर्वांत मोठं काम ‘विस्मृत लोक’. १९७० ते १९८९ अशी वीस वर्षं ते लिव्होनियन, व्होटिक, इझोरियन, इंग्रियन, वेप्स आणि कारेलियन या एस्टोनियनांच्या भाऊबंदांच्या गाण्यांत रमले. तोनू काल्युस्ते यांनी एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायरकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली. २००० साली टॉर्मिसनी रचना थांबवली. २०१७ मध्ये ते गेले. व्होटिक बोलणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण टॉर्मिसची व्होटिक लग्नगीतं गायची तर गायकवृंदाला आधी त्या भाषेचे उच्चार शिकावे लागतात.