एक प्रिंटर, चार संगणक

मुलांनो, बीड जिल्ह्यातील गेवराईसारख्या गावातील एक शाळा डोळ्यांपुढे आणा. शाळेत संगणक चार. पण प्रिंटर एकच. चाचणी परीक्षा जवळ आली आहे. एका संगणकावर उर्दूची प्रश्नपत्रिका तयार आहे, दुसऱ्यावर मराठीची. चार प्रिंटर घेणे शाळेला परवडत नाही. एकाच प्रिंटरची तार या संगणकाची काढून त्याला लावत बसलो, तर दिवस त्यातच जाईल.

यावर उपाय आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली काढली. लिनक्समध्ये छपाईचे काम 'कप्स' हा प्रोग्राम पाहतो. तो १९९९ साली आला. नाव कप्स असले, तरी चहाशी त्याचा काही संबंध नाही!

चारही संगणक तारेने किंवा वाय-फायने एका जाळ्यात जोडलेले असावेत. प्रिंटर त्यांपैकी एकाला जोडायचा. तोच छपाईचा कारभारी. त्याच्यावर कप्सचे पान उघडून प्रिंटर नोंदवायचा आणि 'इतरांना वापरू द्यावा' या ठिकाणी खूण करायची. कप्सच्या दाराचा क्रमांक ६३१. संगणकावर फायरवॉल नावाचा पहारेकरी असेल, तर हे दार शाळेतील संगणकांपुरते उघडून घ्यावे लागते. पुष्कळदा घोडे येथेच अडते. दार उघडले, की इतर संगणकांवर प्रिंटरचे नाव बहुधा आपोआप दिसते. न दिसल्यास कारभारी संगणकाचा पत्ता स्वतः लिहावा.

चौघांनी एकदम कागद पाठवले तर? कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर गाड्या उभ्या राहतात, तशी कामे रांगेत लागतात. ही रांग कारभाऱ्याच्या डिस्कवर लिहिलेली असते. त्यामुळे वीज गेली, तरी ती पुसली जात नाही. मात्र कारभारी बंद असेपर्यंत कोणाचाच कागद निघत नाही.

आणि कारभाऱ्याकडे उर्दूची नस्तालीक अक्षरे नसतील तर? तरीही अडत नाही. पाठवणारा संगणक सहसा पानाची पीडीएफ पाठवतो आणि तिच्यात अक्षरांचे आकारही सोबत जातात. म्हणून उजवीकडून वाचायची उर्दू आणि डावीकडून वाचायची मराठी एकाच प्रिंटरमधून एकामागून एक बाहेर येतात. प्रश्नपत्रिका निघत असताना मात्र शिक्षकांनी प्रिंटरजवळ उभे राहिलेले बरे. कागद उचलणाऱ्याला कप्स अडवत नाही.