तिसरा गिअर

गाडीच्या आर. सी. बुकात चासीचा क्रमांक असतो, इंजिनचा क्रमांक असतो, मालकाच्या वडिलांचे नावही असते. गिअरबॉक्सचा मात्र कुठे पत्ता नसतो. बँकेच्या नोकरीत मी कितीतरी वाहनांच्या तपासणी अहवालांवर सह्या केल्या. पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली ती निवृत्तीनंतर, गेल्या दिवाळीच्या सुमारास, लाखनीजवळच्या एका टिनाच्या शेडमध्ये.

शेडमध्ये १९६८ सालची जीप उभी होती. महिंद्रांची, सीजे-३ बी जातीची, उंच बॉनेटची. तिचा गिअरबॉक्स खाली ताडपत्रीवर उघडून ठेवला होता. जीपच्या मालकाचा मुलगा मला मुद्दाम भंडाऱ्याहून घेऊन आला होता. वडील वारल्यापासून जीप बंद होती, ती त्याला पुन्हा रस्त्यावर आणायची होती. १९८८ साली त्याच्या वडिलांना कर्ज मी दिले होते. म्हणजे बँकेने दिले होते, शिफारस माझी. गाडीत मुळात काय होते आणि नंतर काय बसले, हे सांगू शकेल असा माणूस म्हणून त्याला माझी आठवण झाली. माणसाची निवड चुकली होती. तरी मी गेलो.

मिस्त्री गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हा कारखाना १९८२ मध्ये आमच्या धानाच्या बांध्यांत येऊन उभा राहिला आणि तिथे जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या परवान्याने ट्रकांचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स होऊ लागले. झेडएफ ही १९१५ साली झेपेलिन हवाई जहाजांसाठी दातेरी चाके करायला निघालेली कंपनी. तिची विद्या गडेगावला पोचावी आणि तिथून या शेडमध्ये उतरावी, याची मला गंमत वाटली. मिस्त्रींना वाटली नसावी. ते दाते मोजत होते.

वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन चाकांचे दाते एकमेकांत बसत नाहीत, करकरतात. म्हणून जुने ड्रायव्हर डबल क्लच मारत. क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, वरून खालच्या गिअरमध्ये यायचे तर इंजिनला जरा रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. आणि हे सगळे एका दमात. १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारींत ही कसरत प्रथम यंत्राकडे सोपवली गेली. निमुळती कडी आधी घासून दोहोंची गती एक करते, मग दाते बसतात. या जीपच्या मूळ टी-९० डब्यात तीनच गिअर आणि पहिल्याला ही सोय नाही. शिकाऊ ड्रायव्हर गावात शिरला की आधी आवाज येई, मग जीप.

तसा एक टी-९० मिस्त्रींच्या कोपऱ्यात पडलेला होता. डबा ओळखायचा कसा, असे मी विचारले. त्यांनी मागच्या शाफ्टवर खडूने रेघ ओढली, पहिला गिअर टाकला आणि पुढचा शाफ्ट मला हाताने फिरवायला लावला. मागचा एकदा पुरा फिरेपर्यंत पुढचे पावणेतीन फेरे होऊन वर थोडे झाले. दुसऱ्यात दीडाच्या किंचित वर. तिसऱ्यात एकास एक. वरचे ओतीव नंबर पाहायचे नाहीत का?

"नंबर पुसता येते जी साहेब. दाते कसे पुसाल?"

आता १९८८ ची गोष्ट. पेट्रोल परवडेना म्हणून या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचे ठरले. तेव्हा पुष्कळ जीपगाड्यांचे असे झाले. नागपूरच्या एका गॅरेजने दरपत्रक दिले: प्यूजोच्या बांधणीचे इंजिन आणि त्याला जुळणारा चार गिअरचा नवा गिअरबॉक्स. काम झाल्यावर मी तपासणीला गेलो. इंजिनच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला, आर. टी. ओ.ची नोंद पाहिली. गिअरबॉक्सला रुपेरी रंग होता. चारी गिअर पडत होते. मी 'तपासले, योग्य आढळले' असे लिहिले आणि गॅरेजचे पैसे सुटले.

तीन महिन्यांनी कर्जदार बँकेत आले. उभ्यानेच बोलले. तिसरा गिअर सटकतो, म्हणाले. मंडईचे दिवस होते; दंडार पाहायला निघालेली माणसे या गावाहून त्या गावाला नेताना गाडी भरलेली, आणि जरा पाय उचलला की दांडी आपोआप मोकळी. मी त्यांना ऐकवले की नव्या डब्याला असे होत नसते. तुमची सवय तीन गिअरची, हात जड. गाडी नीट चालवा आणि हप्ते वेळेवर भरा. बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती, तिला ऐकू जाईल एवढा माझा आवाज होता.

त्यांनी हप्ते भरले. दांडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली, तिसरा पडला की ती एका हुकाला अडकवायची. शेवटपर्यंत जीप अशीच चालवली. पट्टी अजून होती, वाळून कडक झालेली.

मिस्त्रींनी डबा माझ्यापुढे सरकवला. खालच्या शाफ्टवरच्या तिसऱ्याच्या चाकाचे दाते चांगले, वरच्या जोडीदाराचे खाल्लेले. ती मुळात एका जोडीची चाके नव्हतीच. दाते जोडीने झिजतात, जोडी मोडली की ओरडतात. ज्या दात्यांनी गिअर धरून ठेवायचा त्यांची टोके गोल झाली होती. काढलेल्या तेलात पितळेची चमक तरंगत होती, आणि भंडाऱ्याच्या माणसाला पितळ ओळखायला शिकवावे लागत नाही. दोन-तीन मेलेल्या डब्यांतून एक जमवलेला. हे नंतरच्या दुरुस्तीत झाले नसेल कशावरून, असे मी विचारून पाहिले. मिस्त्री म्हणाले, उघडायच्या आधी बोल्टांच्या डोक्यांवर तोच रुपेरी थर अखंड होता. त्यानंतर पाना लागलाच नव्हता.

मुलाच्या मनात 'व्हिंटेज' होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला निराळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेले चालत नाही. म्हणजे ही जीप बाद. इंजिन बदलल्याची नोंद मीच आग्रहाने करवून घेतलेली. गिअरबॉक्सचे नाव याही नियमात नाही! मग निदान तो कोपऱ्यातला टी-९० तरी बसवू, असे मुलगा म्हणू लागला. मिस्त्रींनी मान हलवली. इंजिन आणि डबा यांमधले हाऊसिंग बदलावे लागेल, डब्याची लांबी बदलली की मागचापुढचा शाफ्ट कापून-जोडून पुन्हा बसवावा लागेल, आणि एवढे करून डिझेल इंजिनमागे तीनच गिअर. मलाही ते पटले नाही. जुन्या गाडीला कारखान्यातून निघाली तशीच करण्याचा हट्ट हौशी लोकांनी करावा. या जीपने घर चालवले ते चार गिअरवर, त्यातला एक रबराने बांधून.

चांगला डबा नागपूरच्या भंगारात मिळाला. मिस्त्रींनी जाताना जीपची क्लच प्लेट पिशवीत घेतली होती. प्रत्येक डब्याच्या पुढच्या शाफ्टवर ती सरकवून पाहायची. खाचा जुळून सरळ बसली तर पुढचे पाहायचे. मग सुतळीने लांबी, मग खडू. पहिल्या दोन डब्यांना त्यांनी नाकारले. तिसऱ्याचे झाकण काढायला लावले, आत बोट फिरवले, नखाने दात्यांच्या कडा चाचपल्या आणि पैसे द्या म्हणाले. पैसे मी देऊ केले. मुलाने घेतले नाहीत. मी फार आग्रह धरला नाही, हेही लिहून ठेवतो.

डबा बसल्यावर मुलाने मला तलावाच्या पाळीवर नेले. चढावर तिसरा टाकला, पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. दांडी हलली नाही. तरी त्याचा डावा हात तिच्याकडे जातच होता.

घरी त्याची आई छपरीत धान पाखडत बसली होती. मला ओळखले. बसा म्हणाली, पाणी मागवले, मग मुलाला विचारले, "तिसरा राहते का आता?"

"राहते."

मिस्त्रींनी तिला दोन वाक्यांत डब्याचे सांगितले. तिने सूप खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे ते खरंच सांगत होते जी, साहेब."

"हो," मी म्हणालो.