बूट डॉट आयएनआय आणि उसाचा काटा

सकाळी ८

शटर वर जायच्या आधीच फोन येतो. शिरोळ तालुक्यातला एक खासगी वजनकाटा. गाळप हंगाम जोरात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, आणि काट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू होत नाही.

"काय दाखवतोय, अण्णा?"

"विंडोज उडालंय बघा."

या उत्तरातून काहीच कळत नाही. पडद्यावर आलेलं जसंच्या तसं फोटो काढून पाठवा आणि मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका, एवढं सांगून फोन ठेवतो. दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. अशा वेळी गावातला कुणीतरी हुशार मुलगा सीडी घेऊन हजर असतोच आणि त्याचा पहिला शब्द 'फॉरमॅट' असतो.

फोटो येतो. वरच्या ओळीत म्हटलंय, बूट डॉट आयएनआय फाइल अवैध आहे, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधून सुरू करतोय. त्याखाली लिहिलंय, सिस्टम ३२ मधली एचएएल डॉट डीएलएल सापडत नाही किंवा बिघडली आहे. बहुतेक लोक खालची ओळ वाचतात आणि दुसऱ्या मशीनवरून ती डीएलएल आणून टाकायच्या मागे लागतात. खरी तक्रार वरच्या ओळीत आहे. घर जागेवर आहे, पत्ता लिहिलेली चिठ्ठी हरवली आहे.

सकाळी ९

बॅग भरतो. विंडोज एक्सपीची सीडी, गोल पिनचा जुना कीबोर्ड, आयडीई डिस्क यूएसबीला जोडायचं अॅडॉप्टर, लिनक्स असलेला लॅपटॉप, रिकामी एक्स्टर्नल डिस्क, ब्रश, ब्लोअर आणि सीआर २०३२ जातीचा बटण सेल. वीस वर्षं जुन्या मशीनकडे जाताना तो सेल मी विसरत नाही.

सकाळी १०.१५

काट्यावर पोचतो. वजनाचं काम अगदीच थांबलेलं नाही. लोडसेलवरून आलेला आकडा इंडिकेटरवर दिसतोय आणि अण्णा हाताने पावत्या लिहितायत. पण भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन जुळवून निव्वळ वजनाची छापील पावती देणं हे कॉम्प्युटरचं काम. कारखान्यावर जाण्याआधी ऊस बाहेर तोलून घेणाऱ्या शेतकऱ्याला हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर भरवसा वाटत नाही. शिवाय काल भरलेल्या आणि अजून रिकाम्या होऊन न परतलेल्या गाड्यांच्या नोंदी त्याच डिस्कवर अडकल्यात.

"नवाच घिऊन टाकू का?" अण्णा विचारतात.

मी मागची बाजू दाखवतो. इंडिकेटरची केबल नऊ पिनांच्या सीरियल पोर्टमध्ये, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि त्याच्या मध्ये सॉफ्टवेअरचं डोंगल पॅरलल पोर्टवर. ते डोंगल लागल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही. प्रोग्राम लिहून देणाऱ्याने धंदा बंद केलाय, सेटअपची सीडी कुणाकडे नाही. नवा कॉम्प्युटर दुपारपर्यंत आणता येईल, हा प्रोग्राम येणार नाही.

काट्यावर बसणाऱ्या पोराला विचारतो, काल काय झालं? तो आधी गप्प बसतो, मग सांगतो. डिस्क भरली म्हणून मेसेज येत होता, त्याने लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू केला आणि ओळखीच्या वाटल्या नाहीत त्या काढून टाकल्या. ही सिस्टमची फाइल आहे, नक्की काढू का, असं विंडोजने विचारलं होतं. त्याने हो म्हटलं. रात्री बंद केलेलं मशीन सकाळी उठलं नाही. मी त्याला बोलत नाही. खरं सांगितलं म्हणून माझा अर्धा तास वाचला.

सकाळी १०.४५

कॅबिनेट उघडतो. आत उसाचं पाचट आणि लाल माती. ब्लोअर मारून हार्ड डिस्क बाहेर काढतो आणि लॅपटॉपला जोडतो. आधी डिस्कची तब्येत बघायची. फाइल माणसाने काढली की डिस्कच मरायला टेकली आहे, हे ठरल्याशिवाय तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. खराब सेक्टरांची नोंद तपासतो, ठीक आहे. तरीही सगळ्या ४० जीबी डिस्कची जशीच्या तशी नक्कल एक्स्टर्नल डिस्कवर काढायला लावतो. जुन्या आयडीई डिस्कला याला अर्धा-पाऊण तास लागतो.

या वेळात अण्णा येरझाऱ्या घालतात. गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्री चहा पीत बसलाय. पण पुढे माझ्या हातून काहीही झालं तरी कालच्या नोंदी सुरक्षित राहणार, ही हमी याच पाऊण तासातून मिळते.

सकाळी ११.४५

नक्कल झाल्यावर डिस्कवर काय आहे ते बघतो आणि कोडं सुटतं. सी ड्राइव्हवर 'विंडोज' नावाचा फोल्डरच नाही, 'विनएनटी' आहे. म्हणजे मशीनवर मुळात विंडोज २००० होतं आणि कुणीतरी त्यावरच एक्सपी चढवलं. तसं केलं की फोल्डरचं जुनं नाव कायम राहतं.

एक्सपी सुरू होताना बायॉस डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, तिथून काम एनटीएलडीआर या लोडरकडे येतं, आणि विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनमध्ये आणि कुठल्या फोल्डरात आहे हे लोडर बूट डॉट आयएनआयला विचारतो. ती नसेल तर तो पहिल्या पार्टिशनवरचा 'विंडोज' फोल्डर आपणच धरून चालतो. फोल्डरचं नाव तेच असतं तर फाइल नसतानाही मशीन सुरू झालं असतं. इथे नाव वेगळं, म्हणून गाडी अडली.

दुपारी १२

एरवी मी सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये जातो. त्यासाठी 'आर' दाबायचं, इन्स्टॉलेशनचा क्रमांक आणि अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्यायचा, मग बूटसीएफजी हा आदेश रिबिल्डसह चालवायचा. तो डिस्कवरचं विंडोज शोधून यादीत घालू का विचारतो आणि फाइल नव्याने लिहितो. इथे सीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर येतो, पण सीडी वाचत नाही. हरकत नाही. डिस्क लॅपटॉपला लागलेलीच आहे आणि फाइल साधा मजकूर आहे.

पाच ओळी. चौकटी कंसात बूट लोडर हे शीर्षक, थांबायचे सेकंद, नेहमीचा पत्ता, मग ऑपरेटिंग सिस्टम्स हे दुसरं शीर्षक आणि त्याखाली तोच पत्ता नावासकट. फसायची जागा पत्त्यात असते, कारण डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकापासून. पहिल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन म्हणजे आरडिस्क शून्य, पार्टिशन एक. इथे चुकलं की पुन्हा तीच एचएएलची ओळ येते. पत्त्याच्या शेवटी विनएनटी, आणि ओळीच्या शेवटी फास्टडिटेक्ट.

फास्टडिटेक्ट हा शब्द काट्यावर विशेष कामाचा. त्यामुळे सुरुवातीच्या तपासणीत सीरियल पोर्टवर माऊस शोधला जात नाही. इंडिकेटर त्या पोर्टवर सतत वजन पाठवत असतो आणि विंडोज कधीकधी त्यालाच माऊस समजतं. मग पडद्यावरचा बाण आपोआप उड्या मारू लागतो. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना इंडिकेटरची केबलही काढून ठेवतो.

दुपारी १२.३०

डिस्क परत बसवतो, सेल बदलतो, बायॉसमध्ये तारीख दुरुस्त करतो. सेल संपल्यामुळे ती कित्येक वर्षं मागे गेली होती, आणि चुकीच्या तारखेच्या पावतीवरून भांडणं होतात. मशीन सुरू होतं. एमएसकॉन्फिगमध्ये बूट डॉट आयएनआयच्या टॅबवर सगळे पत्ते तपासायचं बटण असतं, ते दाबून खात्री करतो. फाइलला पुन्हा लपवलेली, सिस्टमची आणि फक्त वाचण्यासाठीची करतो. चेकडिस्क चालवतो. मग केबल लावतो, प्रोग्राम उघडतो, प्रिंटर करकरतो आणि रांगेतल्या पहिल्या ट्रॉलीची पावती बाहेर येते.

"पाच वळींचं येवढं बिल?" अण्णा हसत विचारतात.

"ओळी फुकट आहेत, अण्णा. पैसे फॉरमॅट न केल्याचे."

दुपारी ३

जेवून जयसिंगपुरात एका दवाखान्यात. तिथेही काळा पडदा, एनटीएलडीआर नाही म्हणतोय. मशीनला पेनड्राइव्ह लावलेला आहे. काढून पुन्हा सुरू करतो, चालू. बायॉसमध्ये हार्ड डिस्क पहिल्या क्रमांकावर आणतो. शेजारच्या टेबलावर विंडोज १० आहे, तिथल्या ताईंनाही बूट डॉट आयएनआयची धास्ती. त्यांना सांगतो, व्हिस्टापासून ती फाइल गेली, तिची जागा बीसीडी नावाच्या साठ्याने घेतली. तो नोटपॅडमध्ये उघडत नाही, बीसीडीएडिटने बदलावा लागतो.

सायंकाळी ६

दुकानात परतल्यावर काट्याच्या नकलेची आणखी एक प्रत करून तिच्यावर तारीख घालतो. त्या पाच ओळी कागदावर छापून ठेवतो, पुढच्या फेरीत कॅबिनेटच्या आत चिकटवायच्या. अण्णांना फोन करून इंटरनेटची केबल त्या मशीनला कधीच लावू नका असं बजावतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. काट्याला वजन मोजायला इंटरनेट लागतही नाही.

ज्यांच्याकडे काटा, लेथ, भरतकामाचं मशीन किंवा तपासणीचं यंत्र अजून एक्सपीवर चालतंय त्यांनी मशीन नीट चालू असतानाच पूर्ण डिस्कची नक्कल काढून घ्यावी आणि ती दुसऱ्या जागी ठेवावी. बिघाड झालाच तर पडद्याचा फोटो काढा, आदल्या दिवशी काय झालं ते खरं सांगा. आणि कुणी फॉरमॅट करतो म्हणाला, तर आधी विचारा, आमच्या प्रोग्रामचा सेटअप तुमच्याकडे आहे का? उत्तर 'नाही' असेल तर मशीन त्याच्या हाती देऊ नका.