मासेमारीचा परवाना व रहिवास (नाशिक जिल्हा)

विशिष्ट जलक्षेत्रात मासे पकडण्यासाठी शासनाने किंवा त्या क्षेत्रातील मासेमारीचा हक्क असलेल्या संस्थेने दिलेली अनुमती म्हणजे मासेमारीचा परवाना होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गळाने मासे धरणाऱ्या हौशी व्यक्तीला राज्याचा परवाना घ्यावा लागतो व परराज्यातील व्यक्तीस रहिवाशाहून सामान्यतः अधिक शुल्क पडते. महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यात मात्र रहिवासाचा प्रश्न मुख्यतः उपजीविकेशी निगडित आहे.

भारतीय संविधानानुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी तेवढी संघसूचीत येते. सुरुंगाची दारू वा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने बंदी घातली. राज्यात पुढे महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० करण्यात आला.

नाशिक जिल्ह्यात गोदावरीवरील गंगापूर, तसेच दारणा व गिरणा या नद्यांवरील धरणांमुळे मोठे जलाशय निर्माण झाले. अशा जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठराविक मुदतीच्या ठेक्याने, प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना देण्याची पद्धत आहे. रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही. त्यामुळे जलाशयात बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. हा खर्च संस्था करीत असल्याने उत्पन्नावर तिच्या सभासदांचा हक्क मानला जातो. सभासदत्वासाठी संस्थेच्या कार्यक्षेत्रातील रहिवास आणि मासेमारी हाच प्रत्यक्ष व्यवसाय असणे, या प्रमुख अटी होत. हौशी व्यक्तीने ठेकेदार संस्थेची अनुमती घेणे आवश्यक ठरते.

या व्यवस्थेमुळे स्थानिक मच्छीमारांना बाहेरील धनिक व्यापाऱ्यांपासून संरक्षण मिळते. तथापि काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, परंतु सभासद नसलेले कुटुंब हक्कापासून वंचित राहू शकते. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या अनुसूचित क्षेत्रांत लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद १९९६ च्या केंद्रीय अधिनियमात आहे. वनहक्क अधिनियम, २००६ नेही मासे व इतर जलोत्पन्ने यांवरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली आहे.

नांदूर मध्यमेश्वर येथे १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य घोषित झाले व २०१९ मध्ये त्याचा रामसर स्थळांत समावेश झाला. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने केवळ रहिवास वा सभासदत्व पुरेसे होत नाही.