खिडकी एक, रूपे अनेक

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच संगणकावर सकाळी मराठी लग्नपत्रिका आणि दुपारी कन्नड अर्ज टाइप होतो. इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्याला त्यासाठी बोटांची सवय मोडावी लागत नाही. ‘के’ची कळ दाबली की देवनागरी ‘क’ उमटतो. भाषा बदलून तीच कळ दाबली की कन्नड ‘क’.

यामागे पक्की आखणी आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या ‘इस्की’ संकेतप्रणालीत दोन्ही लिप्यांतल्या ‘क’चा क्रमांक एकच होता, १७९. स्मृतीत साठायचा तो हा आकडा. पडद्यावर तो कोणत्या वेशात यायचा, हे लिपीची खूण ठरवायची.

वर्ड-एक्सेलमधला ‘व्ह्यू’ याच तत्त्वावर चालतो. निपाणीतल्या एखाद्या तंबाखू व्यापाऱ्याचा हिशेब एक्सेलच्या ‘नॉर्मल’ व्ह्यूमध्ये सलग पसरलेला दिसेल. ‘पेज ब्रेक प्रीव्ह्यू’ निवडा, तोच हिशेब निळ्या रेघांनी पानापानांत विभागला जाईल. आकडा मात्र एकही हलणार नाही.

ही कल्पना विंडोजपेक्षाही जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी भरसभेत वाणसामानाची यादी पडद्यावर आणली. ती वर्गवार लावली, पोटओळी झाकून फक्त मथळे ठेवले, मग त्याच यादीतली कामे नकाशावरच्या रस्त्याने दाखवली. पुढे १९७९मध्ये झेरॉक्सच्या ‘पार्क’ प्रयोगशाळेत नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी या विचाराला शिस्तशीर चौकट दिली. माहिती सांभाळणारा, ती दाखवणारा आणि वापरणाऱ्याची आज्ञा घेणारा असे प्रोग्रामचे तीन भाग त्यांनी वेगळे केले. ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ म्हणतात ते हेच. मूळ माहितीत एक आकडा सुधारला की तक्ता आणि आलेख दोन्ही आपोआप सुधारतात, ते या विभागणीमुळे.

लिपीचे गणित मधल्या काळात पालटले. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’ला २३२५ आणि कन्नड ‘क’ला ३२२१ क्रमांक मिळाला. वर्णांची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर राहिल्याने दोन्ही लिप्यांतल्या समान अक्षरांत ८९६चे अंतर कायम आढळते. पण आता लिपी बदलली की साठवलेला मजकूरच बदलतो. व्ह्यू बदलल्याने तसे होत नाही.

म्हणून वर्डमध्ये पानाच्या कडा आणि वरची शीर्षपट्टी अचानक दिसेनाशी झाली, तर मजकूर पुन्हा टाइप करायला बसू नका. बहुधा ‘ड्राफ्ट’ व्ह्यू सुरू झालेला असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबून ‘प्रिंट लेआउट’मध्ये परत या.