मित्राच्या हातातली हुंडी

२० जानेवारी २०२६ रोजी डेन्मार्कमधल्या अकाडेमिकरपेन्शन या निवृत्तिवेतन निधीने जाहीर केलं, की आपल्याकडचे अमेरिकी सरकारचे रोखे महिनाअखेरपर्यंत विकून टाकणार. रक्कम साधारण १० कोटी डॉलर. तीनच दिवसांपूर्वी ट्रम्प यांनी ग्रीनलंडवरून युरोपातल्या आठ देशांना आयातशुल्काची धमकी दिली होती आणि हे आठही देश नाटोतले, म्हणजे घरचेच. अमेरिकेची जमाखर्चाची घडी बिघडली आहे म्हणून विकतो, असं निधीने सांगितलं. वर, सध्याच्या भांडणामुळे निर्णय घेणं काही अवघड गेलं नाही, हेही जोडलं. दावोसमध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री स्कॉट बेसेंट यांना विचारलं, तर डेन्मार्कची ही गुंतवणूक खुद्द डेन्मार्कसारखीच बिनमहत्त्वाची आहे, असं म्हणून त्यांनी विषय उडवून लावला. २१ तारखेला ट्रम्प यांनी धमकी मागे घेतली.

१० कोटींनी अमेरिका हलली, असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच आठवड्यात डॉइश बँकेच्या एका टिपणाने लक्ष वेधलं होतं, की युरोपाच्या हाती अमेरिकेचे रोखे आणि शेअर मिळून ८ लाख कोटी डॉलर आहेत. परदेशी मंडळींकडे नुसते सरकारी रोखेच ९ लाख कोटींच्या वर. पहिला नंबर जपानचा, दुसरा ब्रिटनचा, चीन आता तिसरा. म्हणजे अमेरिकेचे मोठे सावकार बहुतेक तिचे दोस्तच. मग दोस्ती फाटली तर हे रोखे हत्यार म्हणून वापरता येतात का?

जुना इतिहास चाळला तर उत्तर असं दिसतं: हातात असलेल्या रोख्यांत फारसा जोर नसतो. जोर असतो तो पुढचं कर्ज नाकारण्यात. या दोन गोष्टींची गल्लत पत्रकार करतात आणि मंत्रीही करतात.

आधी हे रोखे असतात कुठे ते पाहू. कागदाचे दिवस कधीच गेले. आता त्या हिशेबाच्या नोंदी आहेत. अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांचे रोखे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्याच खात्यात ठेवलेले असतात. लिबर्टी स्ट्रीटवरच्या त्या दगडी इमारतीच्या तळघरात परदेशांचं सोनंही आहे. दर गुरुवारी संध्याकाळी फेडचा ताळेबंद प्रसिद्ध होतो. त्यात परदेशी सरकारी खात्यांसाठी सांभाळलेल्या रोख्यांची वेगळी ओळ असते, सुमारे ३ लाख कोटी डॉलरची. म्हणजे सावकाराची वही ऋणकोच्याच घरी! नोव्हेंबर १९७९ मध्ये कार्टर यांनी एका आदेशाने इराणची मालमत्ता गोठवली. त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत इराण हा अमेरिकेचा जवळचा दोस्त होता.

जपानचंच घ्या. २३ जून १९९७ रोजी पंतप्रधान हाशिमोतो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बोलता बोलता म्हणून गेले, की अमेरिकेशी वाटाघाटी चालू असताना तिचे रोखे विकून टाकावेत असा मोह आम्हाला अनेकदा झाला. तसं करायचा विचार नाही, हेही ते म्हणाले. पण ते ऐकायला कोण थांबतो? डाऊ जोन्स निर्देशांक त्या दिवशी १९२ अंकांनी आपटला. मे २०२५ मध्ये अर्थमंत्री कातो यांनी दूरचित्रवाणीवर हे रोखे म्हणजे आपल्या हातातला एक पत्ता असल्याचं सूचित केलं आणि दोनच दिवसांत मिलानला जाऊन, विकायचा विचार नाही, असा खुलासाही केला. सावरून घेण्याचं कारण उघड आहे. जपान विकायला लागला तर उरलेल्या रोख्यांचे भाव पडणार, येन चढणार, टोयोटाची गाडी परदेशात महाग होणार. शिवाय जपानच्या भूमीवर पन्नास हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

या असहायतेची चव आपण फार आधी चाखली आहे, आणि तीही अमेरिकेतच. जुलै १९४४. न्यू हॅम्पशरमधल्या ब्रेटन वुड्स इथल्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात ४४ देश जमले होते. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेते सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. पण सोबत षण्मुखम चेट्टी, मुंबईचे ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या या सनदी अधिकाऱ्याला तेव्हा गव्हर्नरपदावर येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. समोर इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स, आणि मधे उभं होतं इंग्लंडने हिंदुस्थानकडून घेतलेलं युद्धकर्ज.

हे कर्ज घेतलं कसं, हे बघण्यासारखं आहे. इंग्रज सरकारसाठी इथे धान्य, कापड, ताग घ्यायचा, सैन्य पोसायचं आणि पैसे लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंडात जमा दाखवायचे. त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापणार. माल गेला, नोटा उरल्या, भाव भडकले. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच भाववाढीच्या काळातला. जो देश युद्धाआधी लंडनचा ऋणको होता, तो युद्ध संपेपर्यंत सुमारे १३० कोटी पौंडांचा धनको झाला.

श्रॉफ यांनी परिषदेत नेमकं दुखणं मांडलं: बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक आहेत, पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात नाणं नाही, अशा माणसासारखी आमची गत आहे. या पौंडांचा काही भाग तरी परिषदेत ठरत असलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा, ही मागणी होती. इजिप्तचाही असाच पैसा अडकला होता, त्याने पाठिंबा दिला. इंग्लंड विरोधात, आणि अमेरिकाही. हा आमच्या दोघांतला मामला आहे, आम्ही तो सन्मानाने मिटवू, असं आश्वासन देऊन केन्सनी प्रश्न बाजूला सारला. हिंदुस्थानला नाणेनिधीत ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला, तोही खटपटीनंतर. ऑगस्ट १९४७ पासून या शिलकेतले पैसे हप्त्याहप्त्याने सुटू लागले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर उतरला आणि उरलेल्या रकमेची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तीस टक्क्यांनी घटली. एवढा मोठा धनको. पण वसुलीसाठी ऋणकोच्याच मर्जीवर.

देशमुख पुढे भारताचे अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी ते पद सोडलं ते जुलै १९५६ मध्ये. त्याच महिन्यात इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला आणि पुढच्या चार महिन्यांत कर्जाचं खरं हत्यार जगाने पाहिलं. इंग्लंड-फ्रान्सचं सैन्य पोर्ट सैदला उतरलं, इकडे पौंडाला गळती लागली. एकट्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या गंगाजळीतून जवळपास २८ कोटी डॉलर गेले. अमेरिकेने आपल्याकडचे पौंडातले रोखे विकायची धमकी दिली, ही गोष्ट रंगवून सांगतात. खरी मेख दुसरीकडे होती. सैन्य मागे घेत नाही तोवर नाणेनिधीकडून नवी मदत नाही, यावर आयझेनहॉवर आणि त्यांचे अर्थमंत्री हम्फ्री अडून बसले. इंग्लंडने माघार जाहीर केली आणि डिसेंबरात १३० कोटी डॉलरची सोय झाली.

दोस्ताच्या तिजोरीला कुलूप लावायची युक्तीही अमेरिकेनेच शोधली. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीकडे डॉलरचा साठा होता आणि रशियाच्या भीतीने अमेरिकी फौजाही हव्या होत्या. बुंडेसबँकेचे अध्यक्ष कार्ल ब्लेसिंग यांनी पत्र लिहून दिलं, की आम्ही डॉलर देऊन सोनं मागणार नाही. आधी फ्रान्सच्या द गॉलनी नेमकं तेच मागितलं होतं. पण त्यांनी आपली अण्वस्त्रं केली होती आणि १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी कमांडमधून पायही काढला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीफन मिरान या अर्थतज्ज्ञाने लिहिलेल्या निबंधात अशीच कल्पना आहे: सुरक्षेचं छत्र हवं असेल, तर मित्रांनी आपले रोखे देऊन शंभर वर्षांचे रोखे घ्यावेत. पुढे हेच मिरान ट्रम्प यांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष झाले.

मग अमेरिकेला भीती कसली? जुनं फेडायला नवं कर्ज रोज काढावं लागतं, त्याची. ३८ लाख कोटी डॉलरहून अधिक कर्जातला मोठा भाग दरवर्षी मुदत भरून पुन्हा लिलावात येतो. लांब मुदतीच्या रोख्यांची बोली न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी एकला बंद होते आणि दलाल पहिली नजर टाकतात ती अप्रत्यक्ष बोलीदारांच्या टक्केवारीवर, कारण परदेशी ग्राहक त्यात मोजले जातात. एप्रिल २०२५ मध्ये आयातशुल्काच्या घोषणेनंतर दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा चार टक्क्यांखालून काही दिवसांत साडेचारपर्यंत गेला. ९ तारखेच्या लिलावाकडे बाजार धास्तीने पाहत होता. उठाव चांगला झाला. आणि बोली बंद होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच ट्रम्प यांनी बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क ९० दिवस थोपवलं. रोखेबाजार अस्वस्थ झाला होता, हे नंतर त्यांनीच कबूल केलं. कुठल्याही देशाने रोखे विकायची धमकी दिली नव्हती, हे ध्यानात घ्यावं.

सरळ विक्रीला मात्र फेडकडे उतारा आहे. मार्च २०२० मध्ये परदेशी मंडळींनी महिनाभरात सुमारे ३० हजार कोटी डॉलरचे रोखे विकले, तेव्हा फेडने स्वतः खरेदी केली. वर, रोखे विकू नका, तारण ठेवून आमच्याकडून डॉलर घ्या, अशी खिडकीच परदेशी बँकांसाठी उघडली.

भारताकडेही अमेरिकी रोख्यांचा मोठा साठा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्के शुल्क बसलं, तेव्हा रोखे विकायची भाषा दिल्लीने केली नाही. रिझर्व्ह बँक मात्र काही काळापासून रोखे कमी आणि सोनं जास्त करत आली आहे. सोन्याचा साठा आता ८८० टनांच्या घरात आहे. वॉशिंग्टनही स्वस्थ बसलेलं नाही. जुलै २०२५ च्या कायद्यानुसार डॉलरशी बांधलेली डिजिटल नाणी काढणाऱ्या कंपन्यांना तेवढ्याच किमतीची रोकड, बँकठेवी किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे जवळ ठेवावे लागतात. या कंपन्या मोठ्या गिऱ्हाईक ठरतील, अशी बेसेंट यांना आशा आहे. या कंपन्यांना ग्रीनलंडशी काही देणंघेणं नाही.